‘स्वतःचे वाहन असल्यास उत्तम’

मराठीत समीक्षा कशाची झाली नाही? कवितेची झाली, कादंबरीची झाली, नाटकाची झाली, आणि ज्या नाटकाचा प्रयोगच झाला नाही त्याचीही झाली. समीक्षेची समीक्षा तर इतकी झाली की मूळ पुस्तक कोणते होते हे दोन्ही पक्ष विसरून गेले. परंतु एक साहित्यप्रकार असा आहे की जो घरोघरी वाचला जातो, ज्याची कात्रणे गादीखाली ठेवली जातात, आणि तरीही ज्यावर कुणी पीएच.डी. केल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. तो म्हणजे प्रवासलेखाच्या शेवटी छापलेली ‘कसे जाल?’ ही चौकट.

या चौकटीची समीक्षा करण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. तर माझ्याकडे मोटार नाही. हा अधिकार लहान समजू नका. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो. या गावात वाळूजला स्कूटरी, रिक्षा झाल्या, शेंद्र्याला परदेशी मोटारी जोडल्या जातात, आणि २०१० साली तर इथल्या सुमारे दीडशे मंडळींनी एकदम मिळून दीडशे मर्सिडीज घेतल्या. देशभर त्याची बातमी झाली. अशा शहरात वाहनावाचून राहणे म्हणजे साखर कारखान्यावर नोकरी करून मधुमेही असण्यासारखे आहे. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोरून ढिगाने जाते, पण आपल्या कामाचे नाही. एक स्कूटर होती. तिला किक मारता मारता गुडघा गेला. तेव्हा डॉक्टरांनी दोहोंपैकी एक ठेवा म्हटले, मी गुडघा ठेवला.

तेव्हापासून ‘कसे जाल?’ हा प्रश्न मी फार गांभीर्याने वाचतो. इतरांना तो लेखाच्या शेवटी पडतो, मला सुरुवातीलाच पडतो.

या चौकटीची शैली ठरलेली असते. पहिले वाक्य ‘शहरापासून केवळ अमुक किलोमीटरवर’ असे. त्यातला ‘केवळ’ हा शब्द मोठा घातक आहे. ऐंशी किलोमीटर झाले तरी केवळ, आणि सव्वाशे झाले तरी केवळच. ज्याच्या बुडाखाली स्वतःची गादी आहे त्यालाच हा शब्द सुचतो. एस.टी.च्या मागच्या चाकावरच्या सीटवर बसून सव्वाशे किलोमीटर गेलेला माणूस आयुष्यात पुन्हा ‘केवळ’ म्हणत नाही. दुसरे वाक्य ‘मुख्य रस्त्यापासून थोडे आत’. हे ‘आत’ किती आत, याचा उल्लेख कुणी करत नाही. पोटातल्या दुखण्यासारखे ते नुसते ‘आत’ असते. आणि मग तिसरे वाक्य, ज्यावर या साहित्यप्रकाराची सारी इमारत उभी आहे: ‘एस.टी.ची सोय आहे. मात्र स्वतःचे वाहन असल्यास उत्तम.’

या वाक्याचे जरा रसग्रहण करू. प्रथम तो पूर्णविराम पाहा. महाराष्ट्रातली कोट्यवधी माणसे त्या पूर्णविरामावर उभी आहेत, हातात पिशवी घेऊन. त्यानंतर ‘मात्र’. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचा माणूस ‘मुलगी चांगली आहे, मात्र’ असे म्हणतो त्याच जातीचा हा मात्र. आणि शेवटी ‘उत्तम’. उत्तम म्हटले की मध्यम आले, कनिष्ठ आले. म्हणजे तुम्ही-आम्ही कनिष्ठ. लेखकाने शिवी तर दिली नाही, पण पायरी दाखवली.

या एका वाक्यावरून मी लेखकाविषयी पुष्कळ सांगू शकतो. गृहस्थ मोटारीने गेला होता. पुरावा असा की त्याच्या लेखात फाट्याचे नाव नाही. एस.टी.ने जाणाऱ्याला लेण्यातल्या मूर्तीचे नाव सापडले नाही तरी चालते, पण फाट्याचे नाव हे हवेच. नाहीतर कंडक्टरला काय सांगणार, ‘जिथे निसर्ग आपली मुक्त उधळण करतो तिथे उतरवा’? दुसरा पुरावा: त्याने चहा ‘हायवेवरच्या एका छानशा धाब्यावर’ घेतला. फाट्यावरच्या टपरीत घेतला असता तर सरपंच कोण, विहिरीला पाणी किती आणि कुणाची सोयरीक कुठे मोडली, हे सगळे लेखात आले असते. तिसरा पुरावा निर्णायक आहे. त्याच्या लेखात परतीच्या गाडीचा विचार नाही. बसने जाणारा माणूस धबधबा पाहायच्या आधी शेवटची गाडी कधी ते विचारून ठेवतो. निसर्गसौंदर्याकडे पाहताना त्याचा एक डोळा सतत मनगटाकडे असतो. असा तिरळा सौंदर्यानुभव मराठी प्रवासवर्णनात का उतरला नाही, हा खरा समीक्षेचा विषय आहे.

बरे, हा दोष आपल्या परंपरेतला म्हणावा, तर तसेही नाही. आमच्या भागाविषयीची सर्वांत जुनी ‘कसे जाल?’ चौकट एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिली आहे. ‘पेरिप्लस’ नावाचे ते पुस्तक इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. त्यात तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. वाट कसली, रस्ता नसलेला अफाट मुलूख. त्यातून गाड्यांवर लादून अकीक आणि कापड बंदराला जाते. पाहा, किती स्वच्छ माहिती! ‘केवळ’ नाही, ‘मात्र’ नाही, ‘उत्तम’ नाही. वीस दिवस लागतील म्हणतो, तुमचे तुम्ही ठरवा.

त्यानंतर महानुभावांची ‘स्थानपोथी’ घ्या. चक्रधरस्वामी गावोगाव पायी हिंडले. पैठण, वेरूळ, गोदाकाठ सगळा. ते कुठे बसले, कुठे थांबले, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, हे सारे मागून येणाऱ्या भक्ताला पायी जाऊन सापडावे एवढ्यासाठी लिहून ठेवले. वाचणारा चालत येणार हे त्या लेखकाने गृहीत धरले होते. माझ्या मते मराठीतले हे उत्कृष्ट मार्गदर्शक पुस्तक आहे, आणि त्याची भाषा सातशे वर्षांनी थोडी अवघड झाली असली तरी आजच्या रंगीत पुस्तकापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल असे मला कधी कधी वाटते. वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी तर १८५७ च्या ऐन धामधुमीत उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. त्या पुस्तकात लुटारू आहेत, उपास आहेत, पायांचे हाल आहेत. पण वाहन नसल्यामुळे बेत रद्द केला, असे नाही.

आता पितळखोऱ्याचे पाहू, कारण माझा या चौकटीशी उघड संघर्ष झाला तो तिथे.

पितळखोरे हे कन्नड तालुक्यातले, सातमाळ्याच्या डोंगरात, गौताळ्याच्या जंगलातले लेणे. इसवी सनापूर्वीचे. अजिंठा-वेरूळला जाणाऱ्या शंभरांतला एकही तिकडे वळत असेल की नाही, शंका आहे. माझ्याजवळच्या पुस्तकात (पुस्तकाचे नाव सांगत नाही, छपाई सुंदर होती) लिहिले होते, ‘फाट्यापासून थोडे आत. स्वतःचे वाहन असल्यास उत्तम.’ सौ. म्हणाल्या, ‘नसल्यास काय, ते नाही का लिहिलं?’ समीक्षक म्हणून त्यांची बुद्धी माझ्याहून तल्लख आहे. ते लिहिलेले नव्हते.

कन्नडला उतरलो. चौकशी केली. चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाने विचारले, ‘काका, तिकडं कोण हाय तुमचं?’ लेणी पाहायला जातो म्हटल्यावर त्याने सौ.कडे सहानुभूतीने पाहिले. पुढे फाट्यापर्यंत जीप मिळाली. तिच्यात बसलेल्यांची मोजदाद मी केली नाही, कारण मान वळत नव्हती. फाट्यावर उतरताना एक म्हातारी म्हणाली, ‘पायी जायलाव? मग सकाळच्याला निघायचं व्हतं की.’ पुस्तकातला ‘थोडे’ हा शब्द मी त्या दिवशी पायाने मोजला. निम्मा पायाने मोजला आणि उरलेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कडब्यावर बसून. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत. फक्त ‘तिकडं काय हाय पाहायला?’ असे जाताना विचारले, आणि येताना ‘होतं का काही?’ असे विचारले.

होते! दरीच्या काठावर उभे राहिले की आधी काहीच दिसत नाही, मग पायऱ्या उतरत गेले की एकदम हत्तींची रांग समोर येते. विहाराचा चौथराच हत्तींनी खांद्यावर घेतला आहे. इथेच डोक्यावर पात्र धरलेला एक बुटका, हसरा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. (स्वतःचे वाहन नसताना त्याने दिल्ली गाठली, हे सौ.चे निरीक्षण.) तो घडवणाऱ्याने त्यावर आपले नाव कोरून ठेवले आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. आणि एका खांबावर दात्याचे नाव आहे: पैठणच्या मित्रदेव नावाच्या गांधिकाच्या, म्हणजे अत्तरवाल्याच्या कुळाने तो दान दिला.

मी त्या खांबापाशी बराच वेळ उभा राहिलो. पैठणहून इथे म्हणजे आजच्या रस्त्याने शे-सव्वाशे किलोमीटर. एका अत्तरवाल्याला बाविसेकशे वर्षांपूर्वी ही दरी माहीत होती, इतकी की त्याने इथे खांब उभारायला पैसे दिले. म्हणजे ही जागा आडवाटेला नव्हतीच. ती वाटेवरच होती. घाट उतरून खाली जाणाऱ्या व्यापाऱ्यांची, भिक्षूंची, बैलांची वाट होती, तिच्यावर मुक्कामाला म्हणून ही लेणी खोदली. आडवाटेला गेली ती नंतर, आपण मोटारीचा रस्ता दुसरीकडून काढला म्हणून. आणि आता त्याच मोटारीत बसून पुस्तक लिहिणारा म्हणतो, ‘हे स्थळ काहीसे आडबाजूला आहे.’ अहो, आडबाजूला तुम्ही आहात!

माझा एक पुतण्या इंग्लंडात असतो. त्यालाही मोटार नाही. आमच्या घराण्यात ते आनुवंशिक असावे. तिथली खेडी तो बसने आणि पायी पाहतो. तिकडचे सगळे आलबेल असेल अशी माझी समजूत होती, पण तसे नाही. तिथे गावोगाव रेल्वे होती. १९६३ साली डॉक्टर बीचिंग नावाच्या साहेबांनी अहवाल लिहिला आणि दोन हजारांवर स्टेशने बंद करा म्हणून सांगितले. (हे डॉक्टर औषधाचे नव्हते, पदार्थविज्ञानाचे होते, तरी शस्त्रक्रिया मोठी केली.) आता काही खेड्यांत बस येते ती आठवड्यातून एक-दोनदा, आपल्याकडच्या बाजाराच्या दिवसासारखी. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. शेतातून जाणारी वहिवाटीची पायवाट तिथे कायद्याने सर्वांची आहे. नकाशावर ती तुटक रेघेने दाखवलेली असते आणि शेतकऱ्याने ती नांगरलीच तर त्याला ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. आपल्याकडे पांदण रस्ता तलाठ्याच्या नकाशावर सुरू होतो आणि कुणाच्या तरी तुरीत संपतो. आणि त्यांच्याकडे वेळापत्रकाला केवढी प्रतिष्ठा! ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक १८३९ पासून १९६१ पर्यंत निघत होते. शेरलॉक होम्सच्या गोष्टींतही ते चाळले जाते. आपल्या कुठल्या डिटेक्टिव्हने एस.टी.चे वेळापत्रक पाहून गुन्हेगार पकडला आहे? माझी खात्री आहे, फर्दापूरची शेवटची गाडी किती वाजता सुटते एवढ्यावरून अर्धे खून उलगडतील.

एस.टी.चे वेळापत्रक हे खरे म्हणजे स्वतंत्र रसग्रहणाचे पुस्तक आहे. पुण्याच्या लोकांना १ जून १९४८ चा फार अभिमान, त्या दिवशी पुणे-नगर पहिली एस.टी. धावली म्हणून. धावली, मान्य. पण आमचा मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता तिथे सरकारी मोटारसेवा १९३२ सालीच सत्तावीस गाड्यांनिशी सुरू झाली होती. पुढे १९६१ साली आमच्याकडची सेवा महामंडळात मिळाली. महामंडळाचा एक मोठा कारखाना इथेच चिकलठाण्याला आहे, तिथे एस.टी.चा सांगाडा चढतो. विमानतळही चिकलठाण्यालाच. त्यामुळे विमानाने येऊन, मोटार ठरवून, अजिंठ्यावर लेख लिहिणाऱ्याला निदान एस.टी.च्या जन्मस्थळावरून तरी जावे लागते. तेवढेच पुण्य.

तर त्या वेळापत्रकातली सर्वांत अर्थपूर्ण संज्ञा ‘मुक्कामी गाडी’. ‘कसे जाल?’वाल्यांना ही संज्ञा कळलेली नाही, आणि त्यांचा सगळा घोटाळा तिथे आहे. ते लिहितात, ‘या गावाला सोयीच्या वेळी बस नाही.’ आता ही गाडी संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री मारुतीच्या देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपतात आणि पहाटे ती गाव भरून घेऊन तालुक्याला येते. पोरे कॉलेजला येतात, म्हातारी दवाखान्यात येते, कुणाची कोर्टात तारीख असते, कुणी मेथी घेऊन मंडईत येतो. संध्याकाळी तीच गाडी सगळ्यांना परत घेऊन जाते. ‘मानव विकास’ असे लिहिलेली गाडी शाळेच्या वेळेला येते, कारण ती मुलींच्या शाळेसाठीच सोडलेली आहे. वेळ अगदी सोयीची आहे. फक्त ती तुमची सोय नाही. शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परत येणाऱ्यासाठी ती गाडी नेमकी उलटी धावते. ती गाडी गावाच्या बाजूने आखलेली आहे, आणि चौकट शहराच्या बाजूने. दोघींची गाठ पडत नाही ती एवढ्याचसाठी. रविवारी तुम्हाला सुटी असते, त्या दिवशी शाळेलाही असते, हे तरी ध्यानात घ्यावे की नाही?

हा नुसता शैलीचा वाद असता तर मी समीक्षा केली नसती, सोडून दिले असते. पण २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी.चा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात कितीतरी फाट्यांवर लाल गाडी दिसली नाही. पोरी घरी बसल्या, म्हातारीचा दवाखाना लांबला, ज्यांच्या घरी मोटारसायकल होती त्यांचे चालले. त्या महिन्यांतले रविवारचे अंक मी मुद्दाम चाळले. ‘कसे जाल?’ची चौकट चालूच होती, आणि तिच्यात एका अक्षराचाही बदल करावा लागला नव्हता. ‘एस.टी.ची सोय आहे. मात्र’ हे तसेच्या तसे. म्हणजे ते वाक्य लिहिणाऱ्याने कधी तपासलेच नव्हते. गाडी असली काय नि नसली काय, त्याच्या वाक्याला काही फरक पडत नव्हता. एरवी मी कुठल्याही लेखकाला खोटा म्हणणार नाही. पण हे वाक्य खोटे आहे, गाडी असते त्या दिवशीसुद्धा.

न्याय एका ठिकाणी मिळतो, अजिंठ्याला. तिथे फर्दापूरच्या फाट्यावर सगळ्यांच्या मोटारी थांबवतात; लेण्यांना धूर लागू नये म्हणून. तिथून पुढचे चारेक किलोमीटर बसनेच जावे लागते. त्या फाट्यावर उभे राहून मोटारवाल्यांचे चेहरे पाहणे हा लेण्यांइतकाच प्रेक्षणीय कार्यक्रम आहे. काळा चष्मा लावलेला गृहस्थ आयुष्यात प्रथमच सुटे पैसे शोधतो, खिडकी धरावी की दांडी धरावी हे त्याला ठरवता येत नाही, आणि मागून एखादी पिशवीवाली बाई ‘सरका की भाऊ’ म्हणते. आम्ही तिथे जळगावकडे जाणाऱ्या गाडीने गेलो होतो. आम्हाला काही शिकावे लागले नाही.

सौ.ना हल्ली मोटारीची हौस राहिलेली नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. मी पासष्टी ओलांडल्यामुळे माझे अर्धे आधीच होते. आता आम्हा दोघांचे मिळून एक तिकीट होते. लग्नात भटजींनी आम्ही दोघे एक झाल्याचे सांगितले होते, ते हिशेबाने सिद्ध करून दाखवले ते कंडक्टरने. पंचाहत्तरी झाली की मला फुकट, तोवर सौ. मला जपणार आहेत.

टीका करणे सोपे, स्वतः लिहून दाखवा, असे लेखक नेहमी समीक्षकाला म्हणतात. म्हणून पितळखोऱ्याची चौकट मी लिहून ठेवली आहे. कुणाला छापायची असल्यास मानधन नको.

कसे जाल? कन्नडला सकाळी लवकर पोचावे. कुठल्याही चाळीसगावच्या दिशेच्या वाहनात बसून पितळखोऱ्याचा फाटा सांगावा. फाट्यावर चहा घ्यावा व परतीचे तिथेच विचारून ठेवावे. पुढे रस्ता डांबरी आहे, सावली कमी, पाणी बरोबर घ्यावे. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला हात करण्यास लाजू नये. हत्ती डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी नीट पाहावेत, अत्तरवाल्याचे नाव कुठे कोरले आहे ते पहारेकऱ्याला विचारावे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात. शेवटची गाडी चुकल्यास गावात कुणीही उपाशी ठेवत नाही, पण सौ.ना आधी सांगून ठेवावे.